उंची कुठून मोजायची

जायचं तर बंदीतच.
जून-जुलै, होड्या वाळूवर ओढलेल्या असताना,
आणि नारळी पुनवेच्या आत परत.
एवढं एका दमात सांगून माझा भाऊ धाकलू
जेवणाच्या टेबलाशी बसला,
चष्मा सदऱ्याला पुसून,
जणू बँकेत कर्जाच्या सहीला आलाय.

वर्सोव्यात मार्च. खिडकीबाहेर वलांडीवर बोंबील,
जबड्यात जबडा अडकवून.
तांदळाचे दाणे टाकूनही बरणीतलं मीठ ओलं.
टेबलावर लडाखचा नकाशा पसरलेला;
दोन दिवसांत त्याची घडी दमट झाली
आणि खारदुंगजवळ फाटली.

"चार दिवस पाणी दिसायला नको,"
एवढीच त्याची अट.
त्रेपन्न वर्षांत असं एकदाही झालं नाही म्हणे.
एकवीरेला गेला तर तिथं इंद्रायणी.

अंधेरीच्या ट्रॅव्हल्समधल्या सेजलने पाठवलेल्या कागदात
मात्र तळीच तळी. पँगाँग, त्सो मोरिरी, त्सो कार.
"निळंशार, सर," ती फोनवर म्हणाली.
याने विचारलं, मासा?
"खारं पाणी आहे, सर. मासे नाहीत."
धाकलूने फोन माझ्या हातात दिला
आणि लाल पेनाने तळी खोडायला घेतली.

उरलं ते फार थोडं.
एक गोंपा, वाळूचा एक पट्टा
आणि कुठलंसं गाव, जिथे छपरांवर जर्दाळू वाळत घालतात.
त्या गावाभोवती त्याने गोल केला.
वाळवणच बघायला एवढ्या लांब? मी म्हटलं.
"वास तरी वेगळा असंल."

चांगुणावहिनी येणार नाही.
तिला उंचीचं भय नाही,
तिला बंदीत घरात बसलेला नवरा
आठ दिवस तरी नकोय.

डॉक्टर कुवेसकरांनी आमच्या छात्या ऐकल्या.
मी फुशारकीने सांगितलं,
पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला हा बुडी मारतो,
दीड मिनिट वर येत नाही.
ते म्हणाले, श्वास धरता येणं निराळं,
श्वास न पुरणं निराळं.
पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं.
"पडून काय करायचं?"
"काही नाही."
तेव्हा पहिल्यांदा तो मला घाबरलेला दिसला.

मग फॉर्म. नाव, वय, रक्तगट,
आपत्काळी कुणाला कळवायचं
(आम्ही एकमेकांचे नंबर लिहिले, मग हसून खोडले).
खाली छापलेलं मी मोठ्याने वाचलं:
लेह, समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फूट.
"कुठल्या?"
कुठल्या म्हणजे?
"भरतीच्या का सुकतीच्या? उधाणाच्या का भांगाच्या?
दोन पुरुष फरक पडतो गो, बाय."
सरासरी काढलेली असते, मी म्हटलं.
"सरासरीच्या पाण्यात होडी घालून दाखवा म्हणावं."

रात्री जेवणं झाल्यावर मला धक्क्यावर घेऊन गेला.
पुरती सुकती. डिझेलचा आणि चिखलाचा वास,
दोरांना टेकून झोपलेली कुत्री.
टॉर्च मला धरायला लावून
तो पायऱ्यांवरून खाली उतरला, चपला हातात घेऊन,
आणि खांबावर, कालवांच्याही खाली,
सुरीने आडवी रेघ ओढली.
"इथनं धर."

तिकिटं काढली. पैसे परत न मिळणारी.
सकाळी कामावर जाताना मी मुद्दाम धक्क्याकडून गेले.
रेघ दिसली नाही, पाणी केव्हाच वर चढलेलं.
त्याच खांबाला बांधलेल्या होडीत
दोन पोरं बर्फाच्या लाद्या चढवत होती,
गोणपाटात गुंडाळून,
पळत.